हातातलं काम

१४ जुलै

प्रिय मावशी,

आधी बातमी सांगते, नाहीतर तू म्हणशील नमनालाच घडाभर तेल घालते. मला काम मिळालं. माझा प्रबंध अजून पुरा व्हायचाय, तरी विद्यापीठाने मला आदिवासी विद्यार्थ्यांच्या मदत कक्षाची समन्वयक नेमलंय. समन्वयक म्हणजे जी येणाऱ्या प्रत्येकाला विचारते की बाबा, तुला काय हवंय, आणि मग ते जिथे मिळेल तिथे त्याला धाडते. थोडक्यात, तू अंगणात बसून आयुष्यभर जे करत आलीस तेच. फक्त मला त्यासाठी खुर्ची दिलीय.

कक्ष ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे पूर्वी झेरॉक्सची यंत्रं होती, त्यामुळे भिंतींना अजून शाईचा वास येतो. दोन सोफे, एक गोल टेबल, पाणी तापवायची किटली, आणि खिडकीतून खालचा सायकलींचा तळ दिसतो. दारावर पाटी लावलीय, 'विचारा, आम्ही आहोत.' ही ओळ माझी. आमच्या प्रमुखबाईंना ती इतकी आवडली की त्यांनी ती कागदांच्या माथ्यावरही छापून घेतली.

हसू नकोस. मला हे काम मनापासून हवं होतं. आपली मुलं इथवर येतात, पदवी घेतात, पुढच्या अभ्यासाला लागतात आणि अर्ध्यावर एक दिवस खोली रिकामी करून निघून जातात. का गेली हे कोणालाच कळत नाही, कारण ती कोणाला काही सांगतच नाहीत. पहिल्या वर्षी मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे, तेव्हा एका माणसाने जरी विचारलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. म्हणून मी ठरवलंय, आपण विचारायचं. आपल्या कक्षात आलेलं एकही मूल न विचारता परत जाता कामा नये.

एक तर आपल्याच भागातली आहे. नदीपलीकडच्या नावाड्याची धाकटी लेक, ओळखतेस? नदीकाठच्या मातीवर पीएचडी करतेय. रोज दुपारी येते आणि दाराजवळच्या लाकडी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसते. दोन सोफे रिकामे असतात, पण हिला खुर्चीच हवी. मी विचारलं, काय मदत हवी? म्हणाली, "काही नाही ताई." बराच वेळ बसते आणि उठून जाते. वसतिगृहात गोंगाट असेल, म्हणून येत असावी.

काम वाढलं की मला तुझी ती सुट्टी आठवते. आई गेली त्या वर्षी मी आश्रमशाळेतून घरी आले आणि तू सुट्टीभर मला टोपल्यांसाठी बांबूच्या कामट्या निवडायला बसवलंस. लोकांच्या मावश्या पोटाशी धरतात, माझी मावशी राबवून घेते. इथे मैत्रिणींना सांगितलं की सगळ्या हसतात.

गुडघ्याला तेल लावतेस का? खरं सांग.

तुझी,
टिटवी


२ ऑगस्ट

टिटवे,

लहानपणी ओरडायचीस म्हणून तुला हे नाव पडलं. आता शहाणी झालीस, तर कागदावर ओरडतेस. पण बातमी वाचून छाती फुगली. शेजारणीला पत्र दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, खुर्ची मिळाली म्हणजे आता लग्नाचं बघा. मी तिला म्हटलं, खुर्चीशीच लागलंय तिचं.

फोन का करत नाहीस म्हणून मागे रागावलीस. रेंज टेकडीवर येते आणि माझा गुडघा टेकडीवर येत नाही. तेव्हा पत्रच बरं. शिवाय पत्रात तू मधेच माझं बोलणं तोडू शकत नाहीस. तेल लावते. खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते, रोज नाही लावत.

इकडे छपराची एक बाजू पुन्हा शाकारून घेतली. माझ्या टोपल्या दुकानदार आता प्लास्टिकच्या टोपल्यांशेजारी मांडतो, आणि गिऱ्हाईक दोन्हीकडे बघून तिसरंच काही घेऊन जातं. चालायचंच.

नावाड्याच्या लेकीला ओळखते. त्या घरात शब्द तोलून मापूनच निघतात. तिची आई नवऱ्याला हाक मारायलाही टाळी वाजवते. ती पोर तुझ्याकडे येऊन बसते हे वाचून मला फार बरं वाटलं. परक्या जागी जाऊन बसावं असं एक दार तिला मिळालं. पुढचं तुला सांगायला नको, तू माझ्याच अंगणात वाढलीस. फक्त घाई करू नकोस.

तुझी मावशी


२९ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझ्या पत्राने हुरूप आला, कारण इथे माझी परीक्षाच चाललीय. ज्या पोरीचं तू कौतुक केलंस तीच माझ्या गळ्यात अडकलीय.

तिचे मार्गदर्शक सर कक्षात आले होते. भला माणूस आहे, पण वैतागलेला. म्हणाले, आठवड्याच्या बैठकीत ती तोंड उघडत नाही, काठावरून मातीचे नमुने आणायला सांगितले तर आणत नाही. नकाशावर जागा ठरवून दिल्यात, गाडी द्यायला तयार आहे, तरी ती "बघते" म्हणते आणि जात नाही. सप्टेंबरच्या शेवटी समिती बसणार आहे. वर्षभरात काहीच झालेलं नाही असं ठरलं तर तिची नोंदणी रद्द होईल. सर म्हणाले, "तुमच्यातलीच आहे, तुम्हीच बोलतं करा."

मग मी कंबर कसली. रोज विचारलं. घरचं काही आहे का, वसतिगृहात कोणी त्रास देतं का, भाषेची अडचण आहे का, सरांशी पटत नाही का. सगळ्याला एकच उत्तर, "नाही ताई." समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी तासभर विचारलं आणि ती तासभर त्यांच्या टेबलावरच्या कुंडीकडे बघत बसली. शेवटी मी स्पष्टच म्हटलं, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, तू बोलल्याशिवाय आम्हाला कळणार कसं? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही विसरलेय. खरं सांगते, मला रागच आला. एवढं दार उघडून बसावं आणि समोरच्याने उंबऱ्यावरच ताटकळावं, हे किती दिवस चालायचं?

बरं, वागणंही विचित्र. गेल्या आठवड्यात आमचा नव्या मुलांचा मेळावा झाला. गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रांच्या नाड्यांचा एक मोठा गुंता टेबलावर पडला होता. ही आली, खुर्चीत बसली, आणि थोड्या वेळाने तो गुंता मांडीवर ओढून सोडवायला लागली. मलाच ओशाळल्यासारखं झालं. इथे आपली मुलं मदत घ्यायला येतात आणि मी त्यांच्याकडून शिपायाचं काम करून घेते, असं कोणी म्हटलं तर? मी हसून तिच्या हातातून तो गुंता काढून घेतला. म्हटलं, "राहू दे गं, तू पाहुणी आहेस." ती लगेच उठली आणि गेली. निरोपसुद्धा घेतला नाही.

त्यानंतर दोनदा दारापर्यंत आलेली दिसली. एकदा मी फोनवर होते, एकदा प्रमुखबाई समोर होत्या. मान वर करेपर्यंत निघून गेली होती.

तूच सांग, मी आणखी काय करू? समितीने माझ्याकडूनही अहवाल मागितलाय.

तुझी,
टिटवी


१० सप्टेंबर

टिटवे,

आज इकडची तिकडची बातमी नाही. पत्र मिळालं तसं हातातली टोपली टाकून लिहायला बसले.

तू तिच्या हातून काम काढून घेतलंस?

पोरी, आपल्यात कोणी आपलं दुःख दारात येऊन बोलून दाखवतं का? माणूस येतं आणि बसतं. आपण विचारायचं नसतं. विचारलं की त्याला "काही नाही" म्हणावंच लागतं. आपण आपल्या हातातलं अर्धं काम त्याच्या हातात द्यायचं आणि आपलं आपण करत राहायचं. काम दिलं याचा अर्थ, बस, तुझं ओझं माझ्या घरात मावेल. मग आज, उद्या, कधी आठ दिवसांनी ते माणूस कामाकडे बघत बोलायला लागतं. आणि ज्याचं ओझं आपल्याला पेलणार नाही त्याच्या हातून काम काढून घ्यायचं. तेही गोडीनेच, तू पाहुणी आहेस म्हणून. मग ते उठून जातं आणि कोणी कोणाला दोष देत नाही.

ती बिचारी इतके दिवस वाट बघत होती की तू काही देशील. तू दिलं नाहीस, तेव्हा तिने लाज सोडून स्वतः उचललं. यापेक्षा मोठ्याने आपल्यातलं माणूस ओरडूच शकत नाही.

आणि तू म्हणतेस मी तुला राबवलं. तुझी आई गेली तेव्हा तू आलीस आणि चुलीशी बसून राहिलीस. शेजारणी विचारायच्या तेव्हा तू म्हणायचीस, काही नाही. मी कामट्यांचा भारा तुझ्यापुढे टाकला. सुट्टी संपत आली तेव्हा एका दुपारी तू कामट्यांकडे बघत म्हणालीस की आईला शेवटचं पाणी मी पाजायला हवं होतं. ते ऐकायला मी तुला तिथे बसवलं होतं. मला वाटायचं तुला ते कळलंय. तू शाळेतच जास्त वाढलीस हे मी विसरले. पहिल्याच पत्रात उलगडून लिहायला हवं होतं, ती चूक माझी.

आता जा आणि तिला शोध. काही विचारू नकोस.

मावशी


६ ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र विद्यापीठाच्या टपालखोलीत पडून होतं. सहामाही सुट्टीत तिथे कोणी नसतं. माझ्या हातात आलं तेव्हा समिती बसून उठली होती.

मी अहवाल दिला होता. तो तुला जसाच्या तसा सांगते, कारण लपवून काय करू. 'विद्यार्थिनीला वारंवार मदत देऊ केली. तिने ती घेतली नाही. समुपदेशनासही प्रतिसाद नाही.' खाली माझी सही. समितीत एकजण म्हणाले, त्यांच्याच माणसाचं असं मत असेल तर आपण काय बोलणार. पाच मिनिटांत नोंदणी रद्द झाली. अध्यक्षांनी माझे आभार मानले, आणि मी मान लववून ते घेतले.

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि तशीच वसतिगृहाकडे पळाले. तिच्या खोलीत गादी गुंडाळून ठेवलेली होती. शेजारची मुलगी म्हणाली, दोन दिवसांपूर्वी गेली, जाताना तिने सगळ्यांच्या बादल्या घासून ठेवल्या.

मावशी, मला माझा इतका राग कधीच आला नव्हता. मला वाटायचं मी आपल्या मुलांना इथली रीत समजावून देतेय. प्रत्यक्षात मीच आपली रीत ओळखेनाशी झालेय. दारावरच्या त्या पाटीकडे मला बघवत नाही.

ती तिकडे आली असेल. कशी आहे एवढं तरी कळव.


२१ ऑक्टोबर

टिटवे,

आली आहे. घरी आईशी बोलली नाही, बापाशी बोलली नाही. परवा नाव वल्हवत नदी ओलांडली आणि माझ्या अंगणात येऊन बसली. मी टोपलीचं बूड तिच्या हातात दिलं. तिला विणता येत नाही, नावाड्याची लेक ती, तिच्या बोटांना जाळ्याची सवय. इतकं वाकडं बूड मी जन्मात पाहिलं नव्हतं. तरी विणू दिलं. आज दुपारी बोलली.

तिच्या सरांनी नकाशावर खड्ड्यांसाठी ज्या जागा दाखवल्यात ना, तो वळणावरचा काठ आहे. तिथे त्यांच्या घराची माणसं पुरलेली आहेत. तिची आजी आहे, एक भाऊ आहे, तो पाळण्यातच गेला. तिथे ती फावडं कसं मारणार? आणि परक्या माणसासमोर टेबलाशी बसून आपल्या मेलेल्यांचा पत्ता कसा सांगणार? तिला वाटलं, ताईकडे जाऊन बसावं. ताई काम देईल, मग बोलता येईल, मग ताई सरांना आपल्या शब्दांत समजावेल. म्हणून इतके दिवस जीव मुठीत धरून बसली ती.

तुझ्यावर रागावलेली नाही. हे ऐकून तुला बरं वाटेल असं समजू नकोस. ती म्हणाली, "ताईंना पेललं नसेल. त्यांनी रीतीने उठवलं, मी रीतीने उठले." तिच्या लेखी विषय संपला. आता बापाची नाव डांबर लावून दुरुस्त करते. पूल झाल्यापासून त्या नावेत बसायला कोणी येत नाही, पण ती लावते.

मावशी


२० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र घेऊन मी आधी सरांकडे गेले. सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "अहो, पण मला हे कोणी सांगितलंच नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी नकाशा काढला, खोडरबर घेतलं, आणि वळणावरच्या सगळ्या खुणा पुसून खालच्या अंगाला, जिथे कोणी नाही, तिथे मांडल्या. एवढंच काम होतं. 

मग प्रमुखबाईंकडे. म्हटलं, माझा अहवाल मी मागे घेते, त्यात लिहिलेलं चूक आहे. मदत तिने मागितली होती, मी नाकारली. बाई म्हणाल्या, "पण तुम्ही तर विचारलं होतंत ना? नोंदी आहेत." आता त्यांना काय सांगू? तरी भल्या आहेत, पत्र पुढे पाठवलं. समिती फेरविचाराला तयार आहे. पण अर्जावर तिची स्वतःची सही हवी, डिसेंबर संपायच्या आत.

म्हणून गेल्या शनिवारच्या बसने मी तिकडे येऊन गेले. तुझ्याकडे आले नाही. तुझ्यासमोर उभं राहायचा धीर झाला नाही, रागावू नकोस. पुलावरून थेट त्यांच्या घरी गेले.

ती नावेला डांबर लावत होती. माझ्याकडे एकदा बघून पुन्हा कामाला लागली. मी काही बोलले नाही. अंगणातल्या दगडावर बसले, हात मांडीवर ठेवून. तिचा बाप दोनदा समोरून गेला, काही विचारलं नाही. सकाळ गेली. शेवटी तिची आई बाहेर आली आणि माझ्या मांडीवर एक गुंतलेलं जाळं टाकून आत गेली.  मी ते सोडवायला लागले. इतक्या वर्षांत मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. नखं दुखली, बोटांना माशांचा वास लागला, आणि थोडं थोडं जाळं सुटायला लागलं.

पण परतीची बस चारची होती. मी सारखी उन्हाकडे बघत होते. तीन वाजले असतील तेव्हा माझा धीर सुटला. पिशवीतून अर्ज काढला आणि म्हटलं, "खुणा बदलल्यात, सरांनी जागा बदलली. तू फक्त इथे सही कर, बाकीचं मी बघते."

ती उठली. हात पुसले. माझ्याजवळ आली आणि अगदी हळूच ते जाळं माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, "राहू द्या ताई, तुम्ही पाहुण्या."

शब्द माझेच होते. तिच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. मी उठले आणि बस पकडली. कोरा अर्ज आता माझ्या टेबलावर पडलाय. दारावरची पाटी मी काढली, पण तिच्या जागी काय लावायचं ते सुचत नाही. नवी मुलं येतात, बसतात. काल एकाला मी खोकं भरायला दिलं. प्रमुखबाईंनी ते पाहिलं.

तिची पीएचडीची जागा मी घालवली, मावशी. आता ती येणार नाही. मला उठवलं तिने.

तुझी,
टिटवी


३ डिसेंबर

टिटवे,

तू नदीपर्यंत येऊन माझ्याकडे न येता गेलीस, हे मी लक्षात ठेवलंय. त्याचं तुझ्याशी नंतर बघते.

जाळं मांडीवर असताना कागद काढलास. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, घाई करू नकोस. ते तरी तुला समजेल असं लिहिलं होतं ना? तू तिचं ऐकायला गेली नव्हतीस, सही आणायला गेली होतीस. तिला ते कळलं. तिच्या आईने दिलेलं काम तिने काढून घेतलं, यात तिची चूक नाही.

आज तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. ऑगस्टचं पत्र तूही एकदा आठवून बघ. तू तिला उठवलंस, त्यानंतरही ती दोनदा तुझ्या दाराशी आली होती. तूच लिहिलंयस.

तू एकदाच गेलीस.

हे पत्र पोचेल तेव्हाही महिना संपायला तीन शनिवार उरतील. अर्ज माझ्याकडे आणून ठेव, तिकडे नेऊ नकोस. परतीच्या बसचं तिकीट काढू नकोस, रात्री माझ्याकडे झोप. दगड थंड असतो, खाली घालायला काहीतरी आण.

मावशी